चापडा व त्याचे कुल

पावसाळा सुरू होताच तुंगारेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या पारोळ, कामण, सकवार या भागांतील मुलांना झुडपांवर हिरवा सर्प दिसण्याचा संभव असतो. 'हिरवा तो हरणटोळ, त्याचे भय नाही' अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. हरणटोळ दोरीसारखा सडपातळ, लांब टोकदार तोंडाचा व मनुष्यास घातक नसलेला सर्प होय. चापडाही हिरवाच; परंतु तो विषारी आहे. सर्पाची ओळख केवळ रंगावरून ठरवू नये, शरीररचनेवरून ठरवावी, हा वर्गीकरणाचा पहिला धडा होय.

चापडा हा घोणसकुलातील सर्प. या कुलातील सर्पांचे विषदंत लांब, पोकळ व तोंड मिटताना आत मुडपणारे असतात. या कुलाचे दोन प्रमुख विभाग आहेत. घोणस व फुरसे हे पहिल्या विभागात येतात. दुसऱ्या विभागातील सर्पांच्या डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंस एकेक खळगी असते. म्हणून त्यांस 'पिट व्हायपर' म्हणतात. हे सर्प आशिया व अमेरिका या खंडांत आढळतात, आफ्रिकेत नाहीत. शेपटी खुळखुळ्याप्रमाणे वाजविणारे अमेरिकेतील सर्प याच विभागातील होत. महाराष्ट्रात हिरव्या चापड्याखेरीज, आंबोलीकडील दाट अरण्यांत मलबारी चापडा आढळतो. तो हिरवा, तपकिरी वा पिवळसरही असू शकतो.

शॉ या शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये हिरव्या चापड्यास 'ग्रॅमिनिअस', म्हणजे गवताचा, असे जातिनाम दिले. २०२१ मध्ये संशोधकांनी त्याची प्रजाती बदलून तिला 'क्रॅस्पेडोसेफॅलस' हे जुने नाव पुन्हा दिले. नाते अधिक नीट उमगले की शास्त्र आपली मांडणी सुधारते, हे विद्यार्थ्यांस सांगण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

खळगीचे कार्य काय? तिच्यात मज्जातंतूंनी भरलेला एक पातळ पडदा असतो. भक्ष्याच्या अंगातील उष्णता त्यावर पडताच सर्पास तिची जाणीव होते. १९३७ मध्ये नोबल व श्मिट यांनी डोळे झाकलेल्या सर्पांसमोर कापडात गुंडाळलेले विजेचे दिवे धरले; सर्पांनी उबदार दिव्यावर नेमकी झेप घेतली. अंधाऱ्या रात्री उंदीर टिपणे चापड्यास शक्य होते ते यामुळेच.

चापडा निशाचर आहे. दिवसा तो बांबूच्या बेटात किंवा ओढ्याकाठच्या झुडपात शेपटीने फांदी घट्ट धरून निश्चल राहतो. बेडूक, सरडे, उंदीर व लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य. मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. तो होऊन पाठलाग करीत नाही. पाने वा लाकडे तोडताना हात त्याच्यावर पडला म्हणजेच बहुधा दंश होतो. दंशाने तीव्र वेदना व सूज येते. मृत्यू विरळ असला तरी उपेक्षा करू नये.

आता वर्गीकरणाचे व्यावहारिक महत्त्व पाहू. आपल्या देशात सर्रास वापरले जाणारे सर्पविषप्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवरून तयार होते. चापड्याच्या विभागातील, म्हणजे खळगी असलेल्या, सर्पांचे विष त्यात नसते. केरळात खळगी असलेल्या एका लहान तपकिरी सर्पास फुरसे समजून रुग्णांस हे औषध दिले गेले. ते उपयोगी पडले नाही व काहींच्या मूत्रपिंडांस अपाय झाला, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय नोंदींवरून दिसून आले. सर्पाची चुकीची ओळख ही अशी महाग पडते.

मात्र ओळख पटविण्यासाठी सर्पास पकडणे वा मारणे सर्वथा वर्ज्य मानावे. दंश झालेल्या मुलास धीर द्यावा, बांगडी, कडे वा अंगठी काढावी, अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि मुलास चालू न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. दोरी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे व मांत्रिकाकडे वेळ दवडणे टाळावे. सर्पाचा रंग, आकार व दंशाची वेळ डॉक्टरांस सांगावी. लक्षणे पाहून उपचार तेच ठरवितात.

शिक्षकांनी वर्गात हरणटोळ व चापडा यांची चित्रे शेजारी लावावीत. एकाची बाहुली आडवी, दुसऱ्याची उभी. एकाचे डोके निमुळते, दुसऱ्याचे रुंद व त्रिकोणी, हा भेद मुलांनी चित्रावरूनच शिकावा. रानात मात्र त्यांच्यासाठी नियम एकच : हिरवा असो वा तपकिरी, सर्पापासून दूर राहावे आणि फांदीस हात लावण्यापूर्वी ती नीट न्याहाळावी.