अपुऱ्या दिवसांचें मूल घरीं येतांना

प्रसूत झालेली स्त्री रिकाम्या हातांनीं घरीं परतते आणि तिचें मूल मात्र रुग्णालयांत राहतें, असा प्रसंग आज अनेक कुटुंबांवर येतो. पाळणा माळ्यावरून काढून, पुसून ठेवलेला असतो. पांचवीची पूजा करावी कीं न करावी, बारसें बाराव्या दिवशींच करावें कीं मूल घरीं आल्यावर, याचा निर्णय कोणास करवत नाहीं. शेजारच्या बायका पेढ्यांची चौकशी करीत नाहींत, आणि त्यांच्या न विचारण्यानेंच आईच्या मनाला अधिक लागतें. रोज भेटीस जाणाऱ्या बापाच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : मूल घरीं केव्हां नेतां येईल? डॉक्टर दिवस सांगत नाहींत. ‘पाहूं’, ‘वजन भरूं द्या’, ‘अजून दूध ओढत नाहीं’, अशीं उत्तरें मिळतात, आणि आईबापांना तीं टाळाटाळीचीं वाटतात. वास्तविक तीं तशीं नसतात. घरीं जाण्याचा दिवस पंचांगावरून ठरत नाहीं, डॉक्टरांच्या मर्जीवरूनही ठरत नाहीं. तो मूलच ठरवीत असतें. कसें ठरवितें हें समजल्यानें वाट पाहणें कांहीं संपणार नाहीं, पण तें आंधळेपणाचें तरी राहणार नाहीं.

गर्भाचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मास आलेलें मूल तें अपुऱ्या दिवसांचें मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांत अशीं सुमारें १ कोटि ३४ लक्ष मुलें जन्मलीं, म्हणजे दर दहांत एक. आणि त्यांपैकीं ३० लक्षांच्या वर एकट्या भारतांतलीं होतीं. इतक्या घरांत जें घडतें त्याबद्दल एका सुनेला दोष देण्याची रीत सोडून दिली पाहिजे. तिनें जिना चढला, तिनें अमुक फळ खाल्लें, ही चर्चा घरोघर होते. रक्ताचा दाब वाढणें, जंतूंचा संसर्ग, जुळीं मुलें अशीं कारणें कांहीं वेळां सांपडतात. पुष्कळदां कारण सांपडतच नाहीं.

दुसरी एक समजूत अजून टिकून आहे, ती म्हणजे सातव्या महिन्यांतलें मूल जगतें पण आठव्यांतलें जगत नाहीं ही. तिचें मूळ जुनें आहे. आठव्या महिन्यांत ओज मातेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून मातेकडे फिरत असतें, म्हणून त्या महिन्यांतील प्रसूति धोक्याची, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनींही आठव्या महिन्यास असेंच अशुभ मानलें होतें. आजचा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. पोटांत काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा मुलाच्या पदरांत पडतो, आणि आठव्यांतल्या मुलाची आशा सातव्यांतल्यापेक्षां निश्चित अधिक असते.

पोटांत असतां मुलाला ऊब, श्वास आणि अन्न या तिन्ही गोष्टी आईकडून आयत्या मिळतात. लवकर बाहेर आलेल्या मुलाला त्या स्वतः साधाव्या लागतात, आणि त्या साधल्या म्हणजे त्याची घरीं जाण्याची तयारी झाली.

पहिली गोष्ट उबेची. अशा मुलाच्या कातडीखालीं चरबी जवळजवळ नसते, वजनाच्या मानानें अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, आणि मोठ्या माणसाप्रमाणें कुडकुडून अंग तापविणें त्याला साधत नाहीं. गारठलेलें मूल पोटांत गेलेलें दूध वाढीकडे न लावतां नुसतें ऊब टिकविण्यांत खर्चून टाकतें. ‘मुलाला कांचेच्या पेटींत ठेवलें आहे’ हे शब्द ऐकून घरच्यांच्या छातींत धस्स होतें. पण पेटीचें मुख्य काम एवढेंच, ऊब आणि हवेंतील ओलावा कायम ठेवणें. तिचा जन्मही मोठा साधा आहे. स्तेफान तार्निए या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानें पॅरिसच्या प्राणिउद्यानांत कोंबडीचीं अंडीं उबविण्याचें यंत्र पाहिलें, आणि त्याच धर्तीवर १८८० च्या सुमारास तेथील प्रसूतिगृहासाठीं मुलांची पेटी करवून घेतली. आजच्या पेट्या फार सुधारलेल्या आहेत, पण कल्पना तीच. अंगडें, टोपडें आणि दुपटें एवढ्यावर, उघड्या पाळण्यांत, मुलाच्या अंगाची उष्णता ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्यें टिकूं लागली कीं पहिली परीक्षा उतरली.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि आईबापांचा जीव सर्वांत अधिक टांगणीला लागतो तो येथें. फार लवकर जन्मलेल्या मुलांच्या फुप्फुसांत एका स्निग्ध द्रव्याची उणीव असते. या द्रव्यामुळें फुप्फुसांतील सूक्ष्म हवाकोश श्वास सोडल्यावर मिटून एकमेकांस चिकटत नाहींत. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनीं १९५९ सालीं ही उणीव दाखवून दिली, परंतु उपाय हातीं नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपांच आठवडे आधीं जन्मलेला मुलगा १९६३ च्या ऑगस्टमध्यें याच विकारानें अवघ्या ३९ तासांत गेला. पुढें १९८० सालीं जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनीं तें द्रव्य बाहेरून फुप्फुसांत सोडून मुलें वाचविलीं. अध्यक्षांच्या घरीं जें मिळूं शकलें नाहीं, तें आज आपल्याकडील अनेक रुग्णालयांत सामान्य मुलाला मिळतें.

फुप्फुसें सुधारलीं तरी एक खोड राहते. श्वासाचें नियमन करणारा मेंदूचा भाग अपक्व असल्यामुळें मूल मधूनच श्वास घ्यावयाचें विसरतें. हा खंड वीस सेकंदांपर्यंत किंवा त्याहूनही लांबतो, नाडी मंदावते आणि यंत्राची घंटा वाजूं लागते. परिचारिका तळव्याला हलकेच चोळते आणि मूल पुन्हां श्वास घेऊं लागतें. यावर दिलें जाणारें मुख्य औषध म्हणजे कॅफीन. घरोघरच्या कॉफींत असतें तेंच, अर्थात् मोजून मापून. ही खोड बहुधा ३६-३७ व्या आठवड्याच्या सुमारास आपोआप जाते. औषध बंद केल्यावर कांहीं दिवस असा एकही खंड पडला नाहीं, तरच घरची गोष्ट निघते. पांच-सहा दिवस नीट जावेत, आजीनें दुपटीं धुऊन ठेवावीत, आणि सहाव्या रात्रीं घंटा वाजावी, असें होतें. मग दिवसांची मोजणी पुन्हां पहिल्यापासून. या वेळीं डॉक्टरांचा राग येणें स्वाभाविक आहे. परंतु जी घंटा रुग्णालयांत वाजली ती घरीं वाजलीच नसती, हें ध्यानांत घ्यावें.

तिसरी गोष्ट दुधाची. चोखणें, गिळणें आणि श्वास घेणें यांचा ताल जमावयाला साधारणपणें ३४ वा आठवडा उजाडावा लागतो. तोंवर दूध नाकांतून अथवा तोंडांतून घातलेल्या नळीनें पोटांत जातें. मग बोंडल्यानें किंवा वाटी-चमच्यानें, आणि शेवटीं अंगावर. मूल चार घोट घेतें, दमतें, झोंपी जातें; तो आळस नव्हे, तें खरोखरच श्रमलेलें असतें. वजनाचा विषय येथेंच येतो. पहिल्या आठवड्यांत वजन उतरतें, हें आधीं सांगितलेलें नसलें तर आईबाप घाबरून जातात. पुढें तें किलोमागें रोज सुमारें १५ ग्रॅम या मानानें वाढावें अशी अपेक्षा असते. म्हणजे दीड किलोचें मूल दिवसाला चार-साडेचार चहाच्या चमच्यांत मावेल एवढ्या पाण्याच्या वजनानें वाढणार! एक ओलें दुपटेंही हा हिशेब चुकवूं शकतें. तेव्हां एका दिवसाच्या आंकड्यावर हर्षखेद करण्यांत अर्थ नाहीं. आठवड्याचा कल पाहावा. सोडण्याच्या वेळचें वजन रुग्णालयागणिक थोडें निराळें असतें, आणि नुसतें वजन भरलें तरी पहिल्या दोन गोष्टी साधल्याखेरीज मुलाला सोडीत नाहींत.

इतके दिवस आईबापांनीं केवळ कांचेबाहेर उभें राहावें काय? पूर्वीं तसेंच होतें. अमेरिकेंत कोनी आयलंडच्या जत्रेंत मार्टिन कूनी हा गृहस्थ १९०३ पासून १९४३ पर्यंत पेटींतलीं जिवंत मुलें तिकीट लावून दाखवीत असे, आणि त्या पैशावर त्यांची शुश्रूषा करीत असे. आईबापांकडून तो कांहीं घेत नसे, त्यानें पुष्कळ मुलें वांचविलीं, हेंही खरें. तरी त्या देखाव्यांत आईला जागा बेताचीच होती. तार्निएचा शिष्य प्येर ब्यूदें यानें १९०० च्या सुमारासच इशारा दिला होता कीं, दूर ठेवलेल्या आईची माया आटत जाते आणि मूल वांचूनही आईला मुकतें. या इशाऱ्याकडे जगाचें लक्ष जावयाला फार काळ लागला. दक्षिण अमेरिकेंत कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील रुग्णालयांत पेट्या पुरेनात, म्हणून एद्गार रे आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनीं १९७८-७९ च्या सुमारास मुलें आईच्या उघड्या छातीवर, तिच्या कातडीला कातडी लावून, उभीं बांधावयास आरंभ केला. कांगारूच्या पिशवीवरून या रीतीस नांव पडलें. गरजेपोटीं निघालेली ही युक्ति पेटीच्या तोडीची ठरली, किंबहुना तिच्याहून सरस. भारतासह पांच देशांत झालेला एक मोठा प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत १ ते १.८ किलो वजनाच्या ज्या मुलांना जन्मल्याबरोबर असें छातीशीं धरलें, त्यांच्यांतील पहिल्या २८ दिवसांतले मृत्यु इतरांच्या मानानें चतुर्थांशानें घटले. हें काम बापालाही येतें. छातीवर केस आहेत, लाज वाटते, या सबबी कोणतीही परिचारिका ऐकून घेत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

आईच्या वांट्याचें दुसरें काम दुधाचें. मूल अंगावर पीत नसलें तरी दूध दिवसरात्रींत आठ वेळां पिळून काढलें पाहिजे, नाहींतर तें आटतें. पहिल्या दिवशीं चमचाभरही निघत नाहीं, तेंच मोलाचें. ज्या आईला दूध येतच नाहीं तिच्या मुलासाठीं दुसऱ्या मातांनीं दिलेलें दूध निर्जंतुक करून ठेवण्याची सोय असते. आशियांतील अशी पहिली दुग्धपेढी मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं स्थापन केली.

घरीं नेण्यापूर्वीं एक गोष्ट विचारून घ्यावीच, ती डोळ्यांच्या तपासणीची. १९४० नंतरच्या दशकांत प्राणवायु सढळ हातानें दिलेलीं अनेक मुलें आंधळीं झालीं, मेलबर्नच्या डॉ. केट कँपबेल यांनीं १९५१ सालीं त्याचें कारण पुढें मांडलें. आतां प्राणवायु मोजून देतात, पण धोका समूळ गेलेला नाहीं. ३४ आठवड्यांपूर्वीं किंवा दोन किलोंहून कमी वजनाचें जन्मलेलें मूल तीस दिवसांचें होण्याच्या आंत नेत्रतज्ज्ञानें पाहिलें पाहिजे. फारच लवकर जन्मलेलें असल्यास त्याहूनही आधीं. घरीं येण्याच्या आनंदांत ही तारीख चुकते, आणि मग हळहळून उपयोग नसतो.

मूल घरीं आलें म्हणजे खोली उबदार असावी, पण बाळंतिणीच्या शेक-शेगडीचा आणि धुरीचा धूर त्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाहीं. मध, घुटी, काजळ, नाकाकानांत तेल यांतलें कांहीं नको. थोरल्या बायकांना हें सांगणें कठीण जातें. तेव्हां आजीला एकदां रुग्णालयांत नेऊन डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावें. तिच्या हातीं मुलाला छातीशीं धरण्याचें काम दिलें, तर घुटीचा आग्रह बहुधा मागें पडतो. पाहुणे महिनाभर थांबतील. मुलाला हात लावणाऱ्या प्रत्येकानें अंगठ्या, बांगड्या काढून हात साबणानें धुवावे. मूल उताणें निजवावें. लोहाचे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब चुकवूं नयेत.

घरच्या शुश्रूषेचें सामर्थ्य थोडें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांना शिकवून, घरोघर जाऊन नवजात मुलें सांभाळण्याची व्यवस्था केली. तेथील बालमृत्यु कसे घटले तें १९९९ सालीं जगापुढें आलें, आणि आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींची देशव्यापी योजना त्यांतूनच पुढें निघाली.

पहिल्या रात्रीं मात्र झोंप येत नाहीं. यंत्राची ज्या टिकटिकीचा इतके दिवस जाच होता, तिच्या अभावीं घर भयाण वाटतें, आणि आई दर घटकेस उठून मुलाच्या नाकाशीं बोट धरते. खरोखर पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत : मूल दूध घेईनासें झालें, हातपाय गार पडले, सुस्त झालें, श्वास मिनिटाला साठांहून अधिक चालला किंवा श्वासाबरोबर छाती आंत ओढूं लागली, तळवे पिवळे दिसले, ओंठ निळे पडले, झटके आले, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

पुढें वर्षभर शेजारपाजारच्या मुलांशीं तुलना होईल. तेव्हां अशा मुलाचें वय दोन प्रकारें मोजतात हें ठाऊक असावें. दोन महिने आधीं जन्मलेलें मूल सहा महिन्यांचें झालें कीं मान धरणें, हंसणें, कुशीवर वळणें यांच्या दृष्टीनें तें चार महिन्यांचें समजावयाचें, आणि हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालवावयाचा. लसी तेवढ्या खऱ्या जन्मतारखेप्रमाणें टोंचावयाच्या. म्हणून रुग्णालयांतून मिळालेल्या कागदावर मुलाची जन्मतारीख आणि दिवस पुरे भरावयाची तारीख, अशा दोन्ही ठळक लिहून घ्याव्या, आणि त्यांच्या खालीं पहिल्या तपासणीची.