रस्ता-सुरक्षेवरील लघुपटाचे विश्लेषण

रस्ता-सुरक्षेवरील लघुपट दाखवून ‘यातून कोणता बोध मिळतो?’ असे विचारले, की विद्यार्थी तत्काळ उत्तर देतात आणि चर्चा तेथेच थांबते. वस्तुतः तो बोध कोणत्या मार्गाने मनात उतरला, हाच विश्लेषणाचा खरा विषय होय. सीट-बेल्ट बांधण्याचे आवाहन करणारा, डॅनियल कॉक्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘एम्ब्रेस लाइफ’ (इंग्लंड, २०१०) हा सुमारे दीड मिनिटाचा लघुपट या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रथम विद्यार्थ्यांकडून केवळ जे दिसते तेच लिहवून घ्यावे. बैठकीच्या खोलीत एक गृहस्थ काल्पनिक मोटार चालवीत आहे. पत्नी व मुलगी कौतुकाने पाहत आहेत. अकस्मात त्याच्या मुद्रेवर भय उमटते. मुलगी धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी घालते. पत्नी खांद्यावरून छातीभोवती हात टाकते. आघात होतो, पण मिठी सुटत नाही. हे सारे मंदगतीने व संवादावाचून घडते.

नंतर विचारावे : मोटार, रस्ता व रक्त का वगळले असावे? मग ध्यानात येते, की या हातांतून नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वो मोटारींसाठी सिद्ध केलेल्या त्रिबिंदू पट्ट्याचीच आकृती साधली आहे. दंडाच्या भयाची जागा आप्तांच्या मायेने घेतली आहे.

अखेरीस लघुपटाचे मौनही तपासावे. पट्टा आघाताची तीव्रता कमी करतो, अपघात टाळीत नाही. आणि मोटारीपुढून जाणाऱ्या पादचाऱ्यास या मिठीत स्थान नाही. भारावून गेल्यावरही एवढे ज्याला दिसले, त्याचे विश्लेषण सार्थ झाले असे म्हणावे.