वेबपानावरील चलच्चित्र

वेबपानावर छायाचित्र लावणें सोपें. मग चलच्चित्र लावतांना इतका खटाटोप कां, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचें उत्तर चलच्चित्राच्या आकारमानांत आहे. १९२० × १०८० ठिपक्यांच्या चित्रांत दर ठिपक्याच्या रंगास ३ बाइट धरले व सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर एका सेकंदाचा पसारा साडेपंधरा कोटि बाइटांहून अधिक होतो. हें ओझें गणिती रीतीनें आंखडून पाठवावें लागतें व पोंचल्यावर उलगडावें लागतें. या रीतीस कोडेक म्हणतात. ब्राउझरला ती रीत ठाऊक नसेल, तर फाईल हातीं येऊनहि चित्र दिसत नाहीं. मोडी पत्र केवळ बाळबोध जाणणाऱ्याच्या हातीं पडावें, तशी ही गत होय.

आरंभीं ब्राउझरला ही विद्या अवगत नव्हती. रिअल प्लेअर, क्विकटाइम, फ्लॅश असे बाहेरचे दुभाषे संगणकावर बसवून घ्यावे लागत. २००५ सालीं निघालेल्या यूट्यूबनेंहि फ्लॅशचाच आश्रय केला. परंतु २००७ सालीं आयफोन आला तो फ्लॅशवांचून. त्याच वर्षीं ऑपेरा कंपनीनें सुचविलें कीं, एचटीएमएल भाषेंतच ‘व्हिडिओ’ नांवाची खूण असावी. खूण सर्वांनीं मानली. कोडेक कोणता, यावर मात्र एकमत होईना. एच.२६४ कार्यक्षम खरा, पण त्यावर पेटंटांचे हक्क. म्हणून २००९ मध्यें फायरफॉक्सनें मुक्त असा थिओरा पत्करला; सफारीनें एच.२६४ धरला, आणि २०१० मध्यें गूगलनें वेबएम पुढें आणलें. २०१४ सालीं एचटीएमएल ५ प्रमाण ठरलें, तरी त्यांत कोणताहि एक कोडेक सक्तीचा केलेला नाहीं.

यावर योजिलेला उपाय साधा आहे. ‘व्हिडिओ’ खुणेच्या पोटांत ‘सोर्स’ नांवाच्या ओळी लिहितात. दर ओळींत त्याच चित्राची वेगळी प्रत व तिचा प्रकार सांगितलेला असतो. ब्राउझर वरून खालीं वाचीत जातो व उलगडतां येईल अशी पहिली प्रत उचलतो. म्हणून एव्ही-१ सारख्या नव्या कोडेकाची आटोपशीर प्रत वर, आणि बहुतेक ठिकाणीं चालणारी एच.२६४ ची प्रत शेवटीं ठेवावी. एमपी-४ हें केवळ पेटीचें नांव आहे. आंतील कोडेक कोणता, हेंहि लिहावें. फाईल उतरवून घेण्याचा दुवा चौकटीच्या बाहेर द्यावा. कारण खुणेच्या आंत लिहिलेला मजकूर ‘व्हिडिओ’ ही खूणच न जाणणाऱ्या जुन्या ब्राउझरांतच दिसतो. ‘कंट्रोल्स’ हा शब्द घातल्यास थांबविण्याचीं बटणें मिळतात, व ‘ट्रॅक’ या खुणेनें बहिऱ्यांसाठीं मजकूर जोडतां येतो. चित्र आपोआप आवाजासह सुरू होईल, ही अपेक्षा मात्र ठेवूं नये. आजचे ब्राउझर तें बहुधा अडवितात.

एवढी यातायात कशासाठीं, हें फ्लॅशच्या अखेरीनें दाखविलें. ३१ डिसेंबर २०२० रोजीं अडोबी कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला. ज्यांनीं आपले धडे व चित्रें केवळ फ्लॅशच्या स्वाधीन केलीं होतीं, त्यांचीं पानें शाबूत राहिलीं, पण चौकटी रित्या झाल्या. यास्तव चित्राची मूळ, न आंखडलेली वा कमींत कमी आंखडलेली प्रत घरीं जपून ठेवावी. उद्यां कोडेक बदलला, तरी तिजवरून नवी प्रत काढतां येते. आंखडलेल्या प्रतींतून गळून गेलेला तपशील मात्र परत मिळवितां येत नाहीं.