लाखो नोंदी आणि 30 सेकंदांची मुदत

1948 पर्यंत जालना शहर निजामाच्या राज्यात होते, आणि त्या काळातल्या महसुली नोंदी उर्दूत, मोडीत, कागदावर आहेत. आजचा सातबारा डेटाबेसमधून येतो. डिजिटल स्वाक्षरीचे उतारे महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून मिळू लागले. पण सर्व्हर जुने होतात, बदलावे लागतात, आणि अशा लाखो नोंदी नव्या जागी न्यायची वेळ आली की ते काम करणारी स्क्रिप्ट अर्ध्यात बंद पडते.

समजा, 10 लाख नोंदी आहेत आणि सेकंदाला 1 हजार उतरतात. म्हणजे काम जवळपास 17 मिनिटांचे. वेबवरून चालणाऱ्या पीएचपी स्क्रिप्टची मूळ मुदत मात्र 30 सेकंद असते. ही मुदत मुद्दाम ठेवलेली आहे. एखादी स्क्रिप्ट अडकून बसली, तर बाकीच्यांनी ताटकळायचे का? म्हणून मुदत वाढवत नेणे हा उपाय मला पटत नाही. मुदत कितीही असो, वीज गेली किंवा नेटवर्क तुटले की काम तुटणारच.

काम तुटले तरी बिघडू नये, अशी बांधणी हवी. एका वेळी हजार-दोन हजार नोंदी घ्याव्यात आणि शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवावा. नोंदी आणि हा क्रमांक डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) पक्के व्हायला हवेत. नाहीतर मध्येच बंद पडल्यावर काही नोंदी दोनदा येतात किंवा गळतात. पुढचा गठ्ठा ‘या क्रमांकानंतरच्या नोंदी’ असाच मागावा. ‘पहिल्या 5 लाख सोडून द्या’ म्हटले की डेटाबेस त्या 5 लाख नोंदी दरवेळी पुन्हा ओलांडत बसतो, जाडजूड रजिस्टरचे पान पहिल्यापासून मोजत शोधावे तसा, आणि प्रत्येक गठ्ठा आधीच्यापेक्षा सावकाश उतरतो. शक्य असेल तर स्क्रिप्ट ब्राउझरऐवजी कमांड लाइनवरून चालवावी. तिथे पीएचपीची ही मुदत लागू नसते.

नोंदी उतरवणे चालू असताना जुन्या जागी झालेले फेरफार निसटू शकतात. त्यांच्यासाठी बदलाच्या वेळेनुसार आणखी एक फेरी हवीच.

गळालेली एक ओळ म्हणजे कुणाच्या तरी जमिनीवरचे नाव. दोन्हीकडच्या नोंदींची संख्या आणि क्षेत्राची बेरीज तालुकावार जुळल्याशिवाय जुना डेटा पुसू नका.