सायकल कुठे लावायची? दिंडोरीकरांनाच विचारा!

दिंडोरी नगरपंचायतीचे १७ प्रभाग सायकलने सहज पार होतात. बाजार, शाळा, बसस्थानक, तहसील कचेरी सारे जवळच. तरीही सायकल स्टँड कुठे हवा, हे रोज सायकल लावणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते.

आधी मोजा : शाळा सुटताना, बाजाराच्या दिवशी आणि एखाद्या साध्या दिवशी उभ्या सायकली मोजा. खांबाला किंवा झाडाला साखळीने बांधलेली सायकल म्हणजे तिथली गरज.

कोणाला विचारावे : विद्यार्थिनी, मजूर, दूधवाले, दुकानदार, ज्येष्ठ नागरिक. बैठक संध्याकाळी घ्या. दुपारी कामकरी माणूस येऊ शकत नाही.

जागेचे गणित : एक सायकल साधारण दोन मीटर लांब, अर्धा-पाऊण मीटर रुंद. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात.

स्टँड कसा : फक्त चाक अडकवणारा नको. सांगाडा आणि चाक दोन्हींना कुलूप लावता यावे, असा उलट्या ‘यू’ आकाराचा लोखंडी स्टँड हवा. वर सावली, रात्री दिवा.

पुण्याचा धडा : तिथे २००६ पासून नागरिक महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामे सुचवतात. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या सायकल आराखड्यासाठीही नागरिकांची मते घेतली गेली.

नंतर तपासा : स्टँड बसवल्यावर सहा महिन्यांनी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा मोजणी करा. स्टँड रिकामा आणि खांब भरलेला दिसला, तर जागा बदला. निष्कर्ष नगरपंचायतीच्या फलकावर लावा. आपल्या सूचनेचे काय झाले, हे कळले तरच लोक पुढच्या बैठकीला येतील.