आपण निजलो असता वाढणारे गाव

या वसंतात येथे काव्यावर, अर्थकारणावर आणि अध्यात्मावर व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीत आम्ही मोबाइलवरच्या एका खेळाचा विषय घेऊन उभे राहिलो, तेव्हा पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठ मंडळींनी नाके मुरडली, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. त्यांचे चुकले असेही आम्ही म्हणत नाही. परंतु या विषयाला एक निमित्त घडले, ते आधी सांगितले पाहिजे.

अकोल्यास एका आप्ताच्या घरी आम्ही मुक्कामाला होतो. रात्री तीनच्या सुमारास शेजारच्या खोलीत गजर वाजला. घरातला मुलगा बारावीत आहे. इतक्या रात्री अभ्यासाला उठतो म्हणून आम्हाला अंथरुणातच त्याचे कौतुक वाटले. पण पाच मिनिटांत दिवा मालवला गेला आणि सगळे शांत झाले. सकाळी चहाच्या वेळी विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "गोदाम भरून जाते ना काकाजी! तीनला खाली नाही केलं, तर पुढचं सारं लाकूड वाया जाते." गोदाम कसले आणि लाकूड कसले, हे समजून घ्यायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि समजल्यावर असे दिसून आले की, तीन वाजता उठण्याचे त्या मुलाला काडीचेही कारण नव्हते. कसे, ते आता सांगतो.

हा खेळ गाव वसवण्याचा. आरंभी पडीक जमीन, दोन झोपड्या आणि एक लाकडाची वखार. वखारीतून लाकूड निघते, लाकडाच्या मोबदल्यात गिरणी बांधता येते, गिरणीच्या उत्पन्नातून घरे, घरांतून माणसे, माणसांकडून कर, अशी ती साखळी आहे. संगणकावर गावे वसवणे तसे जुनेच. विल राइट यांचा ‘सिमसिटी’ १९८९ मध्ये निघाला. पण त्यातले शहर यंत्र बंद केले की जागच्या जागी थिजत असे. नव्या खेळांचे वैशिष्ट्य हे की, फोन खिशात घालून आपण बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास गेलो, कचेरीत दिवस काढला आणि रात्री निजलो, तरी गावाचे काम चालूच राहते. म्हणून इंग्रजीत त्यांना ‘आयडल’, म्हणजे रिकामटेकड्याचे खेळ, म्हणतात.

या प्रकाराचा उगम थट्टेत आहे, हे सांगितले तर नवल वाटेल. २००२ मधील ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ या खेळात खेळणाऱ्याने पात्राचे नाव ठेवायचे आणि मग नुसते पाहत बसायचे. पराक्रम ते पात्र आपला आपणच करी. २०१० मध्ये इयन बोगोस्ट या अभ्यासकाने समाजमाध्यमांवरील खेळांची टर उडवण्यासाठी ‘काउ क्लिकर’ काढला. त्यात दर सहा तासांनी एका गाईवर बोट टेकवायचे, एवढाच पुरुषार्थ. लोकांनी टर बाजूला ठेवली आणि खेळ मनापासून खेळला! पुढे २०१३ मध्ये ज्युलियाँ तिएनो या फ्रेंच तरुणाच्या ‘कुकी क्लिकर’ने या खेळांना जगभर पोचवले. त्याआधी, २००९ मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये पीक वेळेवर काढले नाही तर ते वाळून जाई. म्हणजे तेथे गैरहजेरीला दंड होता. नंतरच्या खेळांनी दंड काढून टाकला आणि त्याच्या जागी गोदामाची मर्यादा आणली. वरवर पाहता ही दयाबुद्धी वाटते. वस्तुतः धाक तोच, फक्त सौम्य भाषेतला.

आपण नसताना हे काम चालते तरी कसे? फोनच्या पोटात कोणी रात्रभर लाकडे तोडीत नाही. खेळ बंद करताना वेळ टिपून ठेवली जाते, आणि उघडताना नवी वेळ पाहून मधले तास मोजले जातात. तासांना उत्पादनाच्या वेगाने गुणले की झाली रात्रीची कमाई. सारे काम त्या एका निमिषात होते. हे कळल्यावर काही चलाख मुले फोनचे घड्याळच एक दिवस पुढे करतात. जे खेळ फोनच्या घड्याळावर विसंबतात ते फसतातही. परंतु जे आपल्या दूरच्या यंत्राकडून वेळ विचारून घेतात, त्यांच्यापुढे ही युक्ती चालत नाही. शिवाय घड्याळ मागे आणल्यावर कित्येक खेळांचा हिशेब असा बिघडतो की, पुढे केलेला दिवस खरोखर उलटेपर्यंत गाव काही देत नाही. या चोरवाटेची आम्ही शिफारस करीत नाही.

आता गोदाम. आपल्यापैकी ज्यांच्या वावरात विहीर आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. संध्याकाळपर्यंत उपसा केला की विहीर तळाला जाते, रात्रभर झरे वाहतात, आणि पहाटे पाणी पुन्हा आपल्या पातळीला येते. पातळीला आल्यावर मात्र ते चढत नाही. मग तुम्ही पहाटे पाचला मोटर लावा की सकाळी नऊला, विहिरीत पाणी तेवढेच. (खारपाणपट्ट्यातील श्रोत्यांनी विहिरीचा दृष्टांत दिल्याबद्दल क्षमा करावी. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर भरते, पण ते पाणी कोणाच्या उपयोगाचे!) खेळातले गोदाम म्हणजे ही पातळी, आणि वखारीचा वेग म्हणजे झऱ्याचा जोर. रात्रीची कमाई या दोहोंपैकी जे कमी पडेल तेवढीच असते.

त्या मुलाचा हिशेब असा निघाला. त्याची वखार पूर्वी तासाला ३० लाकडे देई आणि गोदाम २४० लाकडांचे होते. रात्री अकराला निजून सातला उठेपर्यंत आठ तासांत बरोबर २४० लाकडे जमत. मुलगा सुखाने झोपे. मग जमवलेली सारी पुंजी खर्चून त्याने वखार दुप्पट केली, तासाला ६०. परिणाम काय झाला? गोदाम आठऐवजी चार तासांत, म्हणजे तीन वाजताच, भरू लागले. सकाळी हाती येणारी लाकडे आधीही २४० होती आणि आताही २४०च. तेव्हा त्याने गजर लावला. सगळी पुंजी ओतून त्याने रात्रीपुरते विकत घेतले ते एवढेच: तीन वाजताचे जागरण! तीच पुंजी गोदामावर घालून ते ४८० चे करायला हवे होते, असे म्हणावे तर तेही आधी निरुपयोगी ठरले असते, कारण ३० च्या वेगाने ते रात्रीत अर्धेच भरले असते. वखार आणि गोदाम यांना बैलजोडीसारखे एकाच चालीने चालवावे लागते. एक बैल पुढे ओढू लागला की बंडी तिरपी होते.

मग गोदाम किती मोठे करावे? याचे उत्तर खेळात नाही, आपल्या दिनचर्येत आहे. हा मुलगा सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री अकराला खेळ उघडतो. मधली अंतरे सात, नऊ आणि आठ तासांची. ताशी ६० च्या वेगाने दिवसाचे पूर्ण उत्पादन १४४०. गोदाम २४० चे असेल तर तीन वेळा मिळून ७२० हाती येतात; निम्मे लाकूड वाया गेले. ४८० चे केले की १३८० मिळतात. ५४० चे केले की पूर्ण १४४०. म्हणजे २४० वरून ४८० वर जाण्याने दिवसाला ६६० वाढले, आणि त्यापुढच्या पायरीने अवघे ६०. आणि ५४० च्या पलीकडे कितीही मोठे गोदाम बांधले, तरी वेग वाढेपर्यंत त्याचा रात्रीच्या कमाईला काही उपयोग नाही. आपली सर्वांत लांब गैरहजेरी तासांत मोजावी, तिला वेगाने गुणावे, तेवढे गोदाम बांधावे आणि थांबावे.

यातच एक बारकावा आहे, जो चांगले खेळणारेही विसरतात. रात्री कामाला येते ती गोदामातली रिकामी जागा. ४८० च्या गोदामात निजताना १८० लाकडे पडून असतील, तर ३०० ची जागा उरली, ती पाच तासांत भरते आणि पुढचे तीन तास फुकट जातात. म्हणून निजण्यापूर्वी शिल्लक खर्च करावी. काही खेळांत वखारीची साठवण वेगळी आणि गावाचे कोठार वेगळे असते. तेथे वखार निजताना रिकामी करावी म्हणजे झाले. खर्च कशावर करावा, हा प्रश्न उरतोच. या खेळांत एकाच प्रकारची इमारत पुनःपुन्हा घेतली की तिची किंमत चढत जाते. ‘कुकी क्लिकर’मध्ये ती दर खेपेस शेकडा १५ ने चढते. हे व्याजावर व्याज झाले. पहिली पवनचक्की १०० मोहरांची असून तासाला ५ मोहरा देत असेल, तर ती २० तासांत आपली किंमत वसूल करते. त्याच हिशेबाने अकरावी पवनचक्की सुमारे ४०५ मोहरांना पडते आणि वसुलीला ८१ तास लागतात, उत्पन्न मात्र तेच पाच. तेव्हा निजताना जी वस्तू सर्वांत लवकर किंमत वसूल करील ती घ्यावी; स्वस्त दिसते ती नव्हे.

गाव मोठे झाले की एका मालातून दुसरा माल होऊ लागतो, आणि तेथे आपल्या जिनिंग-प्रेसिंगची आठवण येते. कापूस येतो, त्यातून रुई आणि सरकी वेगळी होते, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. प्रेस मंद असला तर आणखी जिने बसवून गाठी वाढत नाहीत, रुईचे ढीग तेवढे वाढतात. खेळातही साखळीतील सर्वांत सुस्त कडी रात्रीचे उत्पन्न ठरवते. दिवसा आपण समोर असतो, म्हणून ती उणीव हाताने भरून काढतो. रात्री ती उघडी पडते. सकाळी कोणत्या मालाचे गोदाम तुडुंब आहे आणि कोणत्याचे कोरडे, हे पाहिले की दोष सापडतो. तुडुंब गोदामाच्या पुढची कडी सुधारावी. आम्ही हे मुलाला सांगितले, तेव्हा त्याने वखारीपुढची करवत पाहिली. ती बिचारी सहा दिवसांपासून एकाच पायरीवर होती.

आता गवंडी. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या २०१२ च्या खेळापासून बहुतेक ग्रामरचनेच्या खेळांत बांधकाम करणारे हात मोजके असतात, आणि प्रत्येक बांधकामाला मिनिटांपासून दिवसांपर्यंत वेळ लागतो. तीन तासांचे काम रात्री अकराला लावले, तर गवंडी दोन वाजता मोकळा होऊन सातपर्यंत विडी ओढीत बसतो. आठ-नऊ तासांचे काम नेमके निजताना लावावे, आणि पाच-दहा मिनिटांची कामे आपण जागे असताना उरकावी. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला, हे आपल्याला आठवत असेल. तेथे हात थांबू द्यायचा नाही, हीच सारी करामत होती, आणि तिच्यासाठी रात्रीही माणसे पाळीपाळीने उभी होती. आपल्या खेळातल्या गवंड्यांना पाळी बदलावी लागत नाही. त्यांना फक्त रात्रभर पुरेल एवढे काम सांगून निजावे लागते.

खेळ काढणाऱ्यांना मात्र आपण निजलेले परवडत नाही. कित्येक खेळ गैरहजेरीत निम्माच वेग देतात, किंवा दोन तासांनंतर मोजणी थांबवतात आणि ती मुदत वाढवायला पैसे मागतात. ‘तुमचे गोदाम भरले’ असा निरोप फोनवर येतो, तो आपल्या हितासाठी येत नाही. असे निरोप फोनच्या व्यवस्थेतून बंद करता येतात. ते आधी करावे. जाहिरात पाहिली तर कमाई दुप्पट, अशी लालूच असते. ती कधी स्वीकारायचीच असेल, तर सर्वांत लांब गैरहजेरीनंतर एकदाच स्वीकारावी. कारण दुप्पट व्हायचे ते मोठ्या राशीचे व्हावे. दिवसातून दहा वेळा दहा-वीस लाकडे दुप्पट करून घेणाऱ्याचा वेळ जाहिरातदाराच्या गोदामात जमा होतो. कृषिपंपाला विजेची पाळी रात्री आली की आपला शेतकरी गजर लावून, अंधारात, सापकिरडूंच्या वाटेने मोटर सुरू करायला जात आला आहे. त्याला तो फेरा चुकवायला मिळाला असता तर त्याने आनंदाने चुकवला असता, म्हणून तर त्याने मोटरीला आपोआप सुरू होणारी पेटी बसवली. घरात गादीवर निजलेल्या मुलाने लाकडाच्या चित्रासाठी तीनला उठावे, हे आम्हाला पाहवले नाही.

त्या सकाळी गोदामाची पहिली पायरी बांधायला घेतली. चार दिवसांनी मुलाचा निरोप आला की गोदाम ५४० चे झाले आणि गजर सकाळी साडेसहाचा केला. सोबत नवा प्रश्नही होता: गाव एका उंचीला पोचले की खेळ म्हणतो, हे सारे मोडा आणि पुन्हा आरंभ करा, बदल्यात सगळ्या वेगांत कायमची वाढ मिळेल, तर मोडावे काय? कपाशीची उलंगवाडी आपल्याला ठाऊक आहेच. बोंडे वेचून संपली की पऱ्हाटी उपटून वावर मोकळे करावेच लागते. आम्ही कळवले, जरूर मोड, पण रात्री निजताना मोडू नकोस. नव्या गावात गोदाम नसते, वखार नसते. ती रात्र कोरडी जाईल. रविवारी सकाळी मोड, आणि अंधार पडायच्या आत गोदाम उभे कर.