अभ्यंगस्नानाच्या पाण्याचं ऋण

दिवाळी जवळ आली की ‘आहे त्यात समाधान माना, कृतज्ञ राहा’ असे सल्ले सुरू होतात. त्यांना शास्त्राचा आधारही आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्यांनी कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी नियमित लिहून ठेवल्या त्यांना आपलं आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं. पण अशा यादीत आपल्याला काय मिळालं एवढंच येतं, ते कोणाकडून आलं आणि देताना त्याचं काय गेलं हे सुटू शकतं. कृतज्ञता ही मनाची स्वस्थता नव्हे, ते ऋण आहे. आणि ऋण म्हटलं की देणारा समोर उभा राहतो.

पुण्यापुरता हा देणारा म्हणजे वेल्हे, सरकारदरबारी आता राजगड तालुका. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यातलं २३ टीएमसीहून अधिक पाणी एकट्या पानशेत आणि वरसगाव धरणांत मावतं. आंबी आणि मोसे खोऱ्यांतली गावं, भाताची खाचरं, देवळं त्या पाण्याखाली गेली आणि माणसं दौंडसारख्या परक्या मुलखात जाऊन वसली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याची आठवण पुण्यात दरवर्षी निघते. धरण भरण्याआधी जे उठले त्यांची क्वचितच. शेजारच्या भोरमध्ये असंच विस्थापन आधी घडलं होतं. येळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा राहिला. काठावरच्या वाड्यांसाठी मात्र ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण उन्हाळ्यात आजही खरी ठरते.

यावर कोणी म्हणेल, विस्थापितांना मोबदला मिळाला, हिशेब संपला. मोबदला हा कायद्याचा भाग आहे, तो जमिनीचा भाव ठरवतो. गावकी मोडली, शेजार तुटला, कुळाचे देव हलले, याचा भाव तो ठरवू शकत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सणासुदीला गेलेल्याचं दुःख कशाला उगाळायचं? पण आपलं पंचांगच तसं मांडलेलं आहे. भाद्रपदात पितृपक्ष, मग घटस्थापना, दसरा आणि त्यानंतर दिवाळी. ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांना पान वाढल्यावरच दिव्यांची रांग लागते. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, तिथे तळणीची कढई चढत नाही, भावकी आणि शेजारी फराळाची ताटं पोचवतात. या रीतीत मला मोठं शहाणपण दिसतं. दुःखात असलेल्याला ‘उरलं त्याबद्दल आभार मान’ असं कोणी सांगत नाही. ज्याच्याकडे आहे त्याने उठून जायचं असतं. गमावलेल्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या तक्रारीचं तोंड बंद करणं, आणि विस्थापितांच्या बाबतीत ते वारंवार झालेलं आहे. त्यांनी आभार मानावेत की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावं.

नरक चतुर्दशीच्या पहाटे पुण्यात उटणं लावून जे पाणी अंगावर घेतलं जाईल, त्याचा मोठा भाग याच खोऱ्यांतून येतो. तेव्हा यंदा पुणेकरांनी एक मागणी आपली स्वतःची म्हणून लावून धरावी: धरणांच्या काठावरच्या प्रत्येक वाडीला बारमाही नळाचं पाणी, आणि तेही शहराचा कोटा वाढवण्याच्या आधी.